परसातलं हळवं काचघर

"काचघर कुठल्या स्वभावाचं दाखवू?" असं त्या फोनवरच्या माणसानं विचारलं, तेव्हा मला वाटलं चुकून वधूवर सूचक मंडळाला फोन लागला.

मी म्हटलं, "स्वभावाचं राहू द्या. दहा बाय बाराचं दाखवा."

"मापाचं नंतर बघू, काका. आधी स्वभाव. कणखर, समंजस आणि हळवं, अशी तीन मॉडेलं आहेत."

मी उल्हास काशीद. बार्शीत मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढली. एखादी गोष्ट किती लांब आणि किती रुंद, एवढं मला चष्मा न लावता सांगता येतं. त्यापलीकडचं काही आलं की मी सुचेताला, म्हणजे बायकोला, विचारतो. फोन स्पीकरवर टाकला आणि स्वयंपाकघरात नेला. ती आमटीला फोडणी देत होती.

"काय फरक असतो हो तिघांत?" तिनं पळी न थांबवता विचारलं.

"कणखर आहे ना काकू, ते पाणी देतं, गारवा देतं, बाकी झाडाचं झाडानं बघायचं. समंजस झाडाचं ऐकून घेतं, पण लगेच मनावर घेत नाही. आणि हळवं म्हणजे झाडाला जरा खुट्ट झालं तरी..."

"हळवं द्या."

"अगं, पुरतं ऐकून तरी घे."

"ऐकलं की. या घरात कणखर मीच आणि समंजस पण मीच. एक तरी हळवं असू दे."

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. आमची निवड झाली.

आता काचघर कशासाठी, तर आमच्या ईश्वरीला सातवा महिना लागला होता आणि सुचेताला तिचं डोहाळेजेवण बागेतलं करायचं होतं. झोपाळा, झोपाळ्याला फुलांच्या माळा, हिरवी साडी, आजूबाजूला हिरवंगार. पण हल्ली फेब्रुवारी संपला की बार्शीत हिरवं म्हणून फक्त औषधाच्या दुकानावरची अधिकाची खूण उरते. पारा सत्तेचाळीस. आमच्या परसात कढीलिंबाचं एक झाड आहे, ते सकाळी दहालाच मान टाकतं.

बरं, थांबायला वेळ नव्हता. सोलापूरच्या विहीणबाई, अर्चनाताई, यांनी तिकडं एक हॉल बघूनच ठेवला होता. "प्लॅस्टिकचं लॉन आहे हो, धुता येतं. एसी तर असा की स्वेटर लागतो. तुमच्याकडं नाहीच जमलं तर काही वाटून घेऊ नका, इकडंच उरकू. म्हणजे मग बाळंतपणही इकडंच होऊन जाईल."

ते शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मऊ आवाजात म्हटलं. सुचेतानं फोन ठेवला आणि पोळपाट असा आपटला की माझ्या हातातला चहा हिंदकळला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिनं ईश्वरी जन्मली तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मागची खोली रंगवून झाली होती. दुपटी शिवून झाली होती. आणि आता कोण कुठलं प्लॅस्टिकचं लॉन मध्ये येणार?

काचघर टेम्पोतून घडी घालून आलं. सोबत कंपनीचा रेवणसिद्ध नावाचा तिशीतला गृहस्थ. (कंपनीचं नाव घेत नाही, अजून त्यांचे फोन येतात.) अडीच तासांत परसात काचघर उभं. मी टेप लावून बघितली. नऊ फूट अकरा इंच भरलं. मी तसं बोलून दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही.

"पंधरा दिवस वापरून बघा," रेवणसिद्ध म्हणाला. "पंधराव्या दिवशी मी येतो. ठेवायचं तर ठेवा, नाहीतर घडी घालून नेतो."

पंधरावा दिवस रविवार. डोहाळेजेवणही त्याच रविवारी. सुचेता म्हणाली, उत्तम.

चहा पिता पिता त्यानं मला ते यंत्र समजावून सांगितलं. वरच्या काचेवर एक पापुद्रा असतो. झाडाला लागतो तेवढाच उजेड तो आत घेतो, बाकीचं ऊन परत पाठवतो, आणि आतली ऊब अशा लहरींवर सोडतो की ती हवेत अडकत नाही, सरळ आकाशात जाते. म्हणून बाहेर सत्तेचाळीस असले तरी आत सत्तावीस. एवढं मला कळलं.

"आणि हे नाक," तो म्हणाला. दाराशेजारी मूठभर आकाराची एक जाळी होती. "झाडं एकमेकांशी वासानं बोलतात, काका. एका झाडाला अळी चावली की ते एक विशिष्ट वास सोडतं. शेजारचं झाड तो ओळखतं आणि आधीच आपली पानं कडू करून ठेवतं. म्हणजे अळी आलीच तर थू करून परत गेली पाहिजे. पतंगाच्या मिशीत वास पकडणारे जे कण असतात ना, तसले या जाळीत बसवलेत. त्यामुळं झाडं काय बोलतात ते मशिनला कळतं."

"आणि ही खालची तोटी?"

"ते तोंड. मशिनला वाटलं तर ते झाडांना त्यांच्याच वासाच्या भाषेत निरोप देतं. घाबरू नका, फुला. किंवा मग, सावध राहा."

"हळव्या मॉडेलला असं कधी वाटतं?"

"सारखंच वाटतं," रेवणसिद्ध बशीत चहा ओतत म्हणाला. "वाटलं की ते दारावरच्या त्या पाटीवर लिहून येतं. मराठीत."

जाई, मोगरा, शेवंती, गुलाब, कडेला मेथी आणि कोथिंबीर अशी अठ्ठेचाळीस रोपं लावून तो गेला. संध्याकाळी पाटीवर आलं, 'सर्व रोपं आनंदात.' सुचेतानं मला हात धरून नेऊन ते वाचायला लावलं. "या घरात आनंदात असल्याचं कुणीतरी कबूल केलं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी पेपर घेऊन परसात गेलो आणि पाटी वाचून तिथंच उभा राहिलो.

'नैऋत्येला अकरा फुटांवर हल्ला. मोहरी: अंदाजे दोनशे ठार. कढीलिंब: अकरा जखमी, नंतर ठार. लसूण: चार, हाल करून. हल्लेखोर एक. उंची पाच फूट एक इंच.'

मी नैऋत्येला बघितलं. तिकडं आमच्या स्वयंपाकघराचा पंखा होता. जाळीतून सुचेता दिसत होती. कढई उतरवत होती.

"काय लिहिलंय?" तिनं आतून विचारलं.

 मी म्हटलं, "उंची चुकवलीय तुझी."

ती बाहेर आली. पदर खोचून तिनं सगळं वाचलं, दोनदा. "पाच दोन आहे मी," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन पापड भाजले. पाटीवर पापडाबद्दल काही आलं नाही. उडदाचं आणि याचं बोलणं नसावं.

तिसऱ्या दिवशी मेथी कडूजहर. चौथ्या दिवशी मोगऱ्याच्या कळ्या मिटल्या त्या मिटल्याच. मी हेल्पलाइनला फोन लावला.

"काका, तुमच्या घराजवळ रोज मोहरी मारली जातेय," तिकडची मुलगी काळजीनं म्हणाली.

"मारत नाही हो, फोडणी देतो."

"तेच ते. मोहरीचा झणका दाणा अख्खा असताना येतो का? दाणा फुटला की तयार होतो. कुणी चावलं तर त्याच्या नाकात जावा म्हणून. ते तिचं हत्यार आहे. लसूण अख्खा असताना वास मारतो?"

"नाही."

"ठेचल्यावर?"

"मारतो."

"मग तीच त्याची बोंब. तुमच्या हळव्या मॉडेलला रोज सव्वानऊला शेजारी कत्तल ऐकू येते. ते रोपांना सांगतं, सावध राहा. अशात कोण फुलेल?"

मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी गेलो. कोथिंबिरीची जुडी चिरून ठेवली होती. एरवी मी वाकून वास घेतो, अहाहा म्हणतो. आता अहाहा म्हणावं की हात जोडावेत, काही समजेना. अठ्ठावन्न वर्षं ज्याला मी घमघमाट म्हणत होतो, ती म्हणे बोंब होती.

ईश्वरी ही भानगड दारातून ऐकत होती. ती येऊन आठवडा झाला होता. आल्यापासून रोज सव्वानऊला नाकाला रुमाल लावून पुढच्या खोलीत जाऊन बसायची. परसात जाऊन तिनं पाटी मोठ्यांदा वाचली आणि खदखदून हसली. मग एकदम डोळ्यांत पाणी.

"आई, गेले सात महिने मी काय सांगतेय तुला? मला फोडणीचा वास सहन होत नाही. पोटातून ढवळून येतं."

"पहिले तीन महिने असतं ते," सुचेता म्हणाली. "सातव्या महिन्यात कुणाला होत नसतं. तुझ्या वेळी मला तर नऊच्या नऊ महिने लसणाची फोडणी लागायची."

"तुला लागायची गं! मला नाही लागत!"

"मग काय उकडलेलं खाणार? नातवंडाला चव कळायला नको?"

"सोलापूरला सासूबाईंचं तेल डॉक्टरांनी बंद केलंय. त्यांच्याकडं फोडणीच नसते." ईश्वरी थांबली. "मी तिकडंच जाते ना मग. हॉल आहेच."

सुचेताच्या हातात उलथनं होतं, ते तसंच वर राहिलं. मी दोघींच्या मध्ये उभा होतो, आणि कुणाची समजूत काढावी ते ठरेना. म्हणून मी पुन्हा हेल्पलाइनला फोन लावला. कणखर मॉडेल बदलून मिळेल का? मिळेल, तीन आठवड्यांनी.

त्या दिवशी दुपारी सुचेतानं मोहरीचा डबा, हिंगाची डबी, जिरं, लसणाची वेणी असं सगळं कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली. "रविवारपर्यंत," ती म्हणाली. "फुलांसाठी करतेय. कुणाच्या नाकासाठी नाही."

ते ईश्वरीनं ऐकलं, मीही ऐकलं. काचघरानं ऐकलं असतं तरी त्याला काही समजलं नसतं, कारण त्याला फक्त वास कळत होते.

पुढचे दहा दिवस आम्ही काय जेवलो ते सांगण्यासारखं नाही. पिवळं वरण, पांढरा भात, दही, उकडलेला बटाटा. पांढरं आणि पिवळं सोडून ताटात रंग नव्हता. त्यातल्या चौथ्या दिवशी मी फिरून येतो म्हणून निघालो आणि गल्लीच्या टोकाच्या ढेंगळ्यांच्या खिडकीखाली उभा राहिलो. त्यांच्याकडं वांग्याची फोडणी चालली होती. पाच मिनिटं नुसता श्वास घेतला. घरी परसातून आलो तर पाटीवर:

'सावधान. एक संशयित परतला. अंगावर मोहरी व लसणाचे अंश. उंची पाच फूट सहा इंच.'

"ढेंगळ्यांकडं गेला होतात?" सुचेतानं विचारलं.

"नुसता उभा होतो गं."

"मी इथं चार दिवस तोंड बांधून बसलेय, आणि हे बाहेर तोंड मारून आले!"

आता यात तोंड मारलं कुठं? पण वाद घालायला अंगात ताकद लागते आणि वरणभातानं ती येत नाही.

ईश्वरी मात्र आता सकाळपासून काचघरातच बसायची. तिथं टांगलेल्या झोपाळ्यावर पाय सोडून, पुस्तक घेऊन. सुचेता तिला दारातूनच ताट द्यायची, तीही नुसती मान हलवून घ्यायची. दोघींमध्ये बोलणं असं नव्हतंच. घरातला निरोप पाटीवरूनच यायचा. 'सर्व रोपं शांत.' 'मोगरा: पहिली कळी.' 'शेवंती: एकोणीस.' सुचेता ते वाचायची आणि आत जायची. मला वाटायचं, हिला आनंद झालाय की राग आलाय? विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला काय वाटतं?" तिथंच तर माझी अडचण होती.

रविवार उजाडला आणि काचघरात असं काही फुललं होतं की काचेला कपाळ टेकून आम्ही दोघंही बघत राहिलो. आत हिरवंगार, झोपाळ्याला जाईच्या वेली, आणि बाहेर नऊ वाजताच बेचाळीस.

चाळीस बायका आल्या. रेवणसिद्धनं फोनवर सांगून ठेवलं होतं, तोडलेली फुलं आत नेऊ नका, मशीन दुखवटा पाळतं. म्हणून प्रत्येकीचा गजरा काढून घेऊन पाण्याच्या बादलीत ठेवायचं काम माझ्याकडं होतं. अदलाबदल नको म्हणून मी गजऱ्यांना चिठ्ठ्या बांधून गट क्रमांक दिले. ढेंगळेबाई आणि त्यांची जाऊ एकत्र आल्या होत्या, त्यांना एकवीस अ आणि एकवीस ब.

"स्वयंपाक झालाय ना हो भावजी?" एकवीस ब नं हळूच विचारलं. "वास कसा नाही कसलाच? कुणी आजारी आहे का घरात?"

विहीणबाई शालू नेसून गाडीतून उतरल्या. गजरा काढायला सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांचा सातबारा मागितला. पण दिला. काचघराभोवती त्यांनी एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "छान आहे हो. छोटंसं आहे, पण छान आहे. आमचं लॉन म्हणजे दोनशे माणसांचं. उगाच आपलं मोठं."

ईश्वरी हिरव्या साडीत आत झोपाळ्यावर बसली. दार उघडं ठेवलं होतं. पाच पाच जणी आत जाऊन ओटी भरत होत्या, बाहेर येत होत्या. आणि जी ती एकच म्हणत होती. काय तेज आलंय पोरीला! काय गोड दिसतेय! विहीणबाईसुद्धा बाहेर येताना डोळे टिपत म्हणाल्या, "खरंच हो सुचेताताई. दृष्ट लागेल अशी दिसते."

हे म्हणायला नको होतं.

सुचेतानं दहा दिवस तोंडाला आणि हाताला कुलूप घातलं होतं. पण चाळीस बायकांनी पोरीला डोळाभर बघितलं, वर विहीणबाईंनी तो शब्द उच्चारला, आणि आई नुसती बघत राहणार? ती घरात गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा एका हातात निखाऱ्यांची शेगडी आणि दुसरी मूठ आवळलेली.

मी धावलो. "सुचेता, मोहरी आहे का मुठीत?"

"मीठ, मोहरी आणि मिरच्या."

"अगं, ते काचघर..."

"फोडणी थोडीच देतेय? दृष्ट काढतेय मी! त्याला एवढं कळत नाही?"

तिच्या दृष्टीनं कढईतली मोहरी वेगळी आणि निखाऱ्यावरची वेगळी. मलाही क्षणभर ते पटलं. दारात उभं राहून तिनं ईश्वरीवरून मूठ तीनदा ओवाळली आणि पायरीपाशी ठेवलेल्या शेगडीत टाकली.

तडतड झाली. धूर उठला. आणि धाडकन दार बंद झालं.

लाल दिवा लागला. पाटीवर अक्षरं पळायला लागली. 'चहूबाजूंनी हल्ला. दारं बंद. चार तास विलगीकरण. आत सुरक्षित: अठ्ठेचाळीस रोपं, दोन माणसं.'

चाळीस बायका एकदम ओरडल्या. मिरचीच्या धुरानं निम्म्या खोकत होत्या. सुचेता दारावर दोन्ही हातांनी बडवत होती. आतून काही ऐकू येत नव्हतं, दुहेरी काच.

"दोन माणसं?" ढेंगळेबाई म्हणाल्या. "ईश्वरी एक. दुसरं कोण अडकलंय?"

मग आम्ही बायका मोजायला लागलो. पहिल्यांदा एकोणचाळीस भरल्या. म्हणजे एक आत! कोण? काच धुरानं आणि बाफेनं धुरकटली होती, नीट दिसत नव्हतं. पुन्हा मोजलं तर चाळीस. पण त्यात मी स्वतःला मोजलं होतं. तिसऱ्यांदा मोजताना विहीणबाई घरातून तोंड धुऊन आल्या, तेव्हा चाळीस भरल्या. सगळ्या बाहेर. मग आत दुसरं कोण?

"यंत्र बिघडलं असेल," मी म्हटलं.

विहीणबाई पाटीकडं बघत होत्या. शालूच्या पदरानं त्यांनी नाक पुसलं. "व्याही," त्या म्हणाल्या, "सातवा महिना आहे ना तिला?"

 कुणीतरी शेगडीवर पाण्याचा तांब्या ओतला. सुचेताचे हात काचेवर तसेच राहिले.

मी हेल्पलाइनला फोन लावला. बाहेरून चार तास उघडत नाही, पण आत एक पिवळी खिट्टी आहे, ती ओढली की दार लगेच उघडतं, आतल्या माणसाला कधीही बाहेर येता येतं, असं त्या मुलीनं सांगितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. काच पुसली. सुचेतानं हातवारे केले. ती बघ पिवळी, ती ओढ.

ईश्वरीनं खिट्टीकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. मग दोन बोटांनी नाक धरलं आणि नाही म्हणून मान हलवली. आणि पाय वर घेऊन झोपाळ्यावर आडवी झाली. ती आल्यापासून तिचा चेहरा इतका निवांत मी बघितला नव्हता.

"अशी काय करतेय ही?" कुणीतरी म्हणालं. "एवढी माणसं बोलावून?"

 सुचेतानं स्वतःच्या हाताचा वास घेतला. मग पदराचा. मग मला म्हणाली, "गरम पाणी आहे का?" आणि उत्तर न ऐकता घरात गेली.

आता चाळीस बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मी बादलीतल्या गजऱ्यांकडं. बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. यजमानीणबाई भर कार्यक्रमात डोक्यावरून अंघोळ करतेय, हे लोकांना कसं समजावून सांगायचं? मी श्रीखंडाचा विषय काढून बघितला. कुणी दाद दिली नाही.

सुचेता बाहेर आली. केस ओले, मोकळे. पैठणी जाऊन घरातली विटकी सुती साडी. दागिने काढलेले, तोंडाला पावडर नाही, केसांना तेल नाही. चाळीस जरीकाठांच्या मधून ती चालत गेली आणि नाकासमोर, म्हणजे काचघराच्या नाकासमोर, जाऊन उभी राहिली. दोन्ही तळवे पुढं धरले. शाळेत बाई नखं तपासायच्या तसे.

पाटी कोरी झाली. मग एक ओळ उमटली. 'हल्लेखोर आढळत नाही.'

काचेपलीकडं ईश्वरी उठून बसली होती. आईला बघत होती. मग झोपाळ्यावरून उतरली, पोटाला हात लावून सावकाश चालत आली आणि तिनं पिवळी खिट्टी ओढली.

सुचेता आत गेली. दार लागलं. त्या दोघी झोपाळ्यावर शेजारी शेजारी बसल्या. दहा दिवसांचं बोलणं साठलेलं, ते सुरू झालं. काय बोलत होत्या ते मला माहीत नाही, अजूनही कुणी सांगितलेलं नाही. एकदा सुचेता रडताना दिसली, लगेच हसतानाही दिसली. पाटीवर आलं, 'सुरक्षित: तीन माणसं.'

विहीणबाई ते वाचत उभ्या होत्या. त्यांचा शालू घामानं भिजला होता. मग माझ्याकडं वळल्या.

"व्याही, बाथरूम मोकळी आहे का?"

"आहे की. काय झालं?"

"काय झालं म्हणजे? अंघोळ करते."

"अहो, पण एवढा शालू..."

"सुचेताताईंची एखादी सुती साडी काढून द्या. आणि बिनवासाचा साबण असेल तर बघा. बाळंतपण इथंच करा तुम्ही, माझं काही म्हणणं नाही. पण त्या दोघी माझ्याविषयी आत काय बोलतायत ते मला कळलंच पाहिजे."

त्या गेल्या. त्यांच्या मागं ढेंगळेबाई उठल्या. त्यांच्या मागं त्यांची जाऊ. बघता बघता आमच्या बाथरूमबाहेर रांग लागली, आणि जिला तिला सुती साडी पाहिजे. अर्ध्या तासानं विहीणबाई ओल्या केसांनी काचघराच्या दाराशी उभ्या होत्या, बांगड्यांनी काच वाजवत. आतल्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं. खिट्टी ओढली सुचेतानं.

तेवढ्यात रेवणसिद्ध आला. हातात टॅब. आधी त्यानं रांगेकडं बघितलं, मग गजऱ्यांच्या बादलीकडं, मग पाटीकडं. 'सुरक्षित: चार माणसं.'

"पंधरा दिवस झाले, काका. ठेवायचं की न्यायचं?"

"नेता येईल का आत्ता?"

"आत माणसं असताना युनिट हलवता येत नाही. कधी येतील बाहेर?"

काचेआड विहीणबाई झोपाळ्याला झोका देत होत्या. बाथरूममधून कुणीतरी पाणी संपलं म्हणून ओरडलं, आणि रांगेतल्या एकतीसजणी माझ्यावर एकदम ओरडल्या.

रेवणसिद्धनं टॅब पुढं केला. "इथं फक्त हो किंवा नाही लिहायचंय, काका."

"ते मला नका हो विचारू," मी म्हटलं. "तुम्हाला बोअरची मोटर चालू करता येते का?"

त्यानं टॅब बादलीशेजारी ठेवला आणि बाह्या वर केल्या.